गावबांधणी

पोडाच्या शिवेवर दोर बांधलेला होता,
सागाच्या खुंटापासून पळसाच्या खुंटापर्यंत.
मधे कडुलिंबाचे डहाळे.
पलीकडे दगडावर एक पोरगं,
हातात बांबूची काडी, नाकाला शेंबूड,
ऐट सरकारच्या वरची.

"आज गावबांधणी हाय.
बाहीरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहीर नाही.
उद्या दिवस निघाल्यावर या."

मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.
प्रगणक, रेणुका टेकाम.
वर तीन सिंह.
त्यानं सिंह नीट बघितले.
सिंहांना आत घ्यायचा हुकूम नव्हता.

मी याच पोडातली आहे, म्हटलं.
मराठीत म्हटलं.
तो हसला, मग काहीतरी विचारलं
त्या भाषेत,
जी मी आश्रमशाळेच्या नळाखाली धुऊन टाकली.

धुऊन टाकली म्हणजे असं:
दुसरीत, चैताच्या उन्हात, मी गुरुजींना म्हटलं, ईर.
गुरुजी म्हणाले, काय?
ईर.
सगळा वर्ग पिऊन आला. मी उभी.
तिसऱ्या वेळेला मी पाणी म्हणाले
आणि पाणी मिळालं.
मारलं नाही त्यांनी कधी. चांगले होते.
एका गिलासात गेलं सगळं,
एवढंच सांगायचं होतं.

आता शिवेवर उभी राहून तोंडात चाचपते,
तर हाताला लागतात
किस, विस्तव.
माक, झाड.
एल्ला, घर.
पण विस्तव, झाड आणि घर
एका वाक्यात कसे बसवतात?
आणि "मी"ला काय म्हणतात?

शेवटी तेच म्हटलं. ईर.

पोरगं उठलं, तुंबा भरून आणला,
दोरावरून माझ्या ओंजळीत ओतला.
त्याच्या मागून जंगूबावा आला,
खांद्यावर कामट्यांची मोळी.
"पाणी तं परक्यालेबी देते," म्हणाला.
"त्यानं काही ठरत नाही."

मग दोराच्या या अंगाला मी, त्या अंगाला तो.
मी विचारत गेले,
तो टोपलीचं बूड विणत सांगत गेला.
माणसं सहा. चूल एक.
संडास आहे, त्यात बांबू ठेवतो.
शेळ्या?
शेळ्यांचा रकाना नाही, बावा.
"नसू दे. नावं तं आयकून घे त्याइची."
ऐकली. चार होत्या.

मातृभाषा?

बोटं थांबली नाहीत त्याची.
"लिव्ह मराठी. मांगच्या टायमाले मास्तर थेच लिवून गेला.
खोटं थोडीच हाय?
बजारात टोपली मराठीतच इकतो मी.
कमी भावानं."
मग कामटी दातात धरून,
"तुह्या घरचं काय लिवलं?"

माझं घर मी पहिल्याच दिवशी भरलं होतं.
पाठवलं होतं.
हिरवी खूण आली होती.

बावा मला काही बोलला नाही.
बोलला तो पोराला, आणि त्या भाषेत,
आणि दोघंही हसले.
मला त्यातला एकच शब्द कळला, एल्ला.
घराबद्दल काय म्हणाले असतील?

नायकाच्या अंगणात ढोल सुरू झाला.
दोन वाजले होते. पाटणबोरीची बस साडेतीनला.
"आत आली तं उद्याच निघशील," बावा म्हणाला.
"बाहीर राहिली तं बस भेटते."
दोन्ही सारख्याच आवाजात.
जसं सूप आणि टोपली,
तुला काय पाहिजे ते घे.

मी टॅब पिशवीत टाकला,
पिशवी पळसाच्या खुंटाला अडकवली.
सिंह गळ्यातच राहिले,
ते फार उशिरा लक्षात आलं.

दोर कमरेएवढा होता.
लहानपणी मी याच्या खालून धावत जायची,
डहाळी डोक्याला लागायची नाही.

आता वाकावं लागलं.